एका मोबी फाइलमधून ईपब, किंडल आणि छपाईचा मजकूर वेगळा काढताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांच्या लेखांचं पुस्तक २०१३ साली घरूनच प्रकाशित केलं. ई-बुक ज्यांनी करून दिलं त्यांचा आता पत्ता नाही, छापील पुस्तकाची फाइलही गेली. हातात उरली आहे एक डॉट मोबी फाइल (किंडलचा जुना ई-बुक प्रकार), मजकुराच्या मानाने बरीच जड. कॅलिबर या ई-बुकच्या प्रोग्राममधून ईपब (बहुतेक ॲप वाचतात तो ई-बुकचा प्रकार) केलं तर फोनवर एका ॲपमध्ये मराठी नीट दिसतं, दुसऱ्यात त्याच पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. वर्डमध्ये उतरवलं तर सगळाच कचरा. हवंय काय, तर फोनसाठी ईपब, किंडलसाठी चालणारी फाइल आणि दुसऱ्या आवृत्तीच्या छपाईसाठी स्वच्छ मजकूर. आणि तुम्ही विचारलंय, ‘चांगला कन्व्हर्टर कुठला?’ शिवाय हक्कांचं काय, हेही.

कन्व्हर्टर हा इथे मुद्दाच नाही. तुमच्याकडे दोन वेगळे गुंते आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत. पहिला, फाइलच्या आत नेमकं काय काय भरलंय हा. दुसरा, आतली मराठी युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) आहे की जुन्या डीटीपी, म्हणजे छपाईच्या मांडणीसाठीच्या, फॉन्टमध्ये हा. कन्व्हर्टर पहिला गुंता झाकतो आणि दुसरा जसाच्या तसा पुढे ढकलतो. म्हणून आधी उघडायचं, वेगळं करायचं, आणि कन्व्हर्ट काही करायचंच असेल तर अगदी शेवटी. कन्व्हर्ट करणं म्हणजे सदरा फाडून त्याच कापडाचा नवा शिवणं. अनपॅक करणं म्हणजे नुसती शिवण उसवणं.

आता फाइल जड का, ते आधी बघू, कारण त्यातच तुमच्या फायद्याचं काही निघू शकतं. मोबी हा प्रकार मोबीपॉकेट या फ्रेंच कंपनीचा. ॲमेझॉनने ती कंपनी २००५ साली घेतली आणि पहिल्या किंडलपासून हाच प्रकार वापरला. त्याचा सांगाडा पामच्या हातातल्या यंत्रांच्या काळातला आहे: एक छोटं हेडर (फाइलची ओळख सांगणारा सुरुवातीचा भाग), मग नोंदींची यादी, मग नोंदी. मजकूर ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत, चित्रं प्रत्येकी एका नोंदीत. फॉन्ट जोडणं, नीट सीएसएस (मजकूर कसा दिसावा याच्या सूचना) वगैरे त्यात नव्हतंच. पुढे किंडल फायर आलं तेव्हा ॲमेझॉनने केएफ८ हा नवा प्रकार आणला. त्याच्या आत जवळजवळ ईपबच असतं, वेगळ्या पद्धतीने बांधलेलं. पण लोकांच्या हातात जुनी किंडल होतीच. म्हणून ॲमेझॉनच्या किंडलजेन या प्रोग्रामने सोपा मार्ग काढला. एकाच डॉट मोबीत जुनं पुस्तकही ठेवायचं आणि नवंही, मध्ये ‘बाउंडरी’ नावाची एक नोंद. जुनं यंत्र पहिला भाग वाचतं, नवं यंत्र हेडरमध्ये बघून थेट बाउंडरीच्या पलीकडे उडी मारतं.

एवढंच नाही. किंडलजेन त्या फाइलमध्ये मूळ सामग्रीची झिपही जोडून ठेवायचा. म्हणजे करणाऱ्याने त्याला जी एचटीएमएल (टॅग, म्हणजे खुणा लावलेला मजकूर), चित्रं किंवा ईपब दिलं असेल ते सगळं, न बदलता. ते नको असेल तर मुद्दाम एक पर्याय द्यावा लागायचा आणि बहुतेक लोक तो देत नसत. ॲमेझॉनच्या दुकानातून विकत घेतलेल्या पुस्तकात ही झिप तुमच्यापर्यंत येत नाही. पण तुमची फाइल दुकानातून आलेली नाही, करणाऱ्याच्या संगणकावरून थेट तुमच्याकडे आली आहे. त्यामुळे माझी पहिली आशा त्या झिपवर आहे.

खात्री करायला एक साधी तपासणी. फाइलची प्रत घ्या, मूळ फाइलला हात लावू नका, आणि ती प्रत नोटपॅड++ सारख्या एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीला पुस्तकाच्या नावासारखं काहीतरी दिसेल, मग थोडी निरर्थक चिन्हं, आणि साठ बाइटांनंतर सलग आठ इंग्रजी अक्षरं: ‘बुकमोबी’. ती असतील तर फाइल खरंच मोबी आहे. नसतील आणि सुरुवातच ‘पीके’ने होत असेल, तर कोणीतरी ईपबला नुसतं मोबीचं नाव दिलंय, असेही नमुने येतात. मग शोधाच्या चौकटीत ‘बाउंडरी’ हा इंग्रजी शब्द कॅपिटलमध्ये टाका. सापडला तर आत दोन पुस्तकं आहेत. ‘एसआरसीएस’ सापडलं तर मूळ झिपही बहुधा आहे.

उघडायला मी किंडलअनपॅक वापरतो. पायथनमध्ये लिहिलेलं, फुकट आणि मुक्त स्रोत. कमांडची सवय नसेल तर त्याच्यासोबत खिडकीवाली आवृत्ती येते, कॅलिबरसाठी त्याचं प्लगइनही आहे. सिजिल हा ईपब संपादनाचा प्रोग्राम वापरत असाल तर किंडलइम्पोर्ट नावाचं प्लगइन केएफ८ चा भाग थेट सिजिलमध्ये उघडून देतं. तुमच्या कामासाठी मात्र पूर्ण किंडलअनपॅकच चालवा, कारण मला आतलं सगळं बाहेर पडलेलं हवंय. दोन पर्याय चालू करा: एक, जोडफाइल (दोन पुस्तकं असलेली मोबी) दोन स्वतंत्र फायलींत तोडण्याचा, दुसरा, मोठ्या आकाराची चित्रं असतील तर छोट्यांच्या जागी ती घालण्याचा.

चालवून झालं की नव्या फोल्डरमध्ये साधारण असं दिसेल. ‘मोबी७’ नावाचा फोल्डर, म्हणजे जुना भाग, त्यात एकच लांबलचक एचटीएमएल फाइल आणि चित्रं. ‘मोबी८’ फोल्डर, म्हणजे केएफ८ चा भाग, त्यात प्रकरणांच्या वेगवेगळ्या एक्सएचटीएमएल फायली, स्टाइल्स, फॉन्ट्स, चित्रं आणि त्यातूनच बांधलेलं एक तयार ईपब. तोडण्याचा पर्याय दिला असेल तर नावाआधी मोबी७ लागलेली डॉट मोबी आणि मोबी८ लागलेली डॉट एझेडडब्ल्यू३ (किंडलचा नवा प्रकार) अशा दोन सुट्या फायली. आणि नशीब असेल तर ‘किंडलजेनएसआरसी’ नावाची झिप.

झिप मिळाली तर सगळ्यात आधी ती उघडा. तिच्यात कॉम्प्रेस न केलेले फोटो असू शकतात, करणाऱ्याने दिलेली प्रकरणांची नावं असू शकतात, कधी त्याने टाकून दिलेला जुना मसुदाही निघतो. आणि छपाईसाठी फोटो हवे असतील तर मोबीतल्या चित्रांच्या भरवशावर राहू नका. जुन्या भागासाठी किंडलजेन चित्रं चांगलीच दाबायचा. स्क्रीनवर बरी दिसतात, कागदावर ठिपके दिसतात.

काही लोक विचारतात की बाउंडरी सापडली ना, मग तिथेच फाइल कापली तर? नाही चालत. जोडफाइलमध्ये चित्रं दोन्ही पुस्तकांत सामाईक असतात आणि ती बाउंडरीच्या अलीकडे, जुन्या भागात ठेवलेली असतात. नुसतं कापलं तर नव्या भागाचे सगळे फोटो जातात. किंडलअनपॅक तोडताना ती चित्रं उचलून नव्या भागात घालतं आणि हेडरमधले आकडे दुरुस्त करतं. हौसेने स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना मराठीत आणखी एक गंमत दिसते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं, आणि तुकडा ४०९६ चा. भागाकार बरोबर बसत नाही, त्यामुळे तुकड्याच्या टोकाला चिन्ह अर्धवट तुटतं. त्याची तजवीज म्हणून तुकड्याच्या शेपटीला जादा बाइट असतात. ते ओळखून छाटले नाहीत तर दर पान-दीड पानाला एक काळा चौकोन उमटतो आणि माणूस फॉन्टला शिव्या देत बसतो.

कॅलिबरबद्दल गैरसमज नको. मी ते रोज वापरतो. जोडफाइल दिली तर तेही केएफ८ चाच भाग घेतं. पण कन्व्हर्ट करताना ते सगळ्या स्टाइल्स विरघळवून ‘कॅलिबर१’, ‘कॅलिबर२’ अशा स्वतःच्या स्टाइल्स बनवतं आणि प्रकरणं स्वतःच्या हिशोबाने तोडतं. वाचायला एकच प्रत हवी असेल तर काही बिघडत नाही. पुढे त्याच फाइलवर काम करायचं असेल, कवितेच्या ओळी, अवतरणं, तळटीपा ओळखून वेगळ्या करायच्या असतील, तर मूळ स्टाइलचं नाव हा तुमच्याकडे उरलेला एकमेव धागा असतो. तो तुटू देऊ नका.

आता दुसरा गुंता, आणि माझ्या अंदाजाने खरं काम इथेच आहे. एका ॲपमध्ये मराठी, दुसऱ्यात इंग्रजी कचरा, हे लक्षण जवळजवळ नक्की सांगतं की मजकूर युनिकोड नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, सीडॅकच्या आयएसएममधले डीव्हीबी-टीटी अशा फॉन्टांच्या काळात मराठी ‘टाइप’ होत नव्हती, ‘दिसत’ होती. फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्या जागी मराठी आकार काढायचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशा पाच रोमन अक्षरांत साठवलेला असतो. करणाऱ्याने केएफ८ मध्ये तो फॉन्ट जोडला असणार. जे ॲप जोडलेला फॉन्ट पाळतं तिथे मराठी दिसते. जे ॲप स्वतःचा फॉन्ट लावतं, किंवा तुम्ही ‘प्रकाशकाचा फॉन्ट’ हा पर्याय बंद करता, तिथे खरी साठवण उघडी पडते. मोबी७ मध्ये जोडलेला फॉन्ट चालतच नाही, म्हणून जुना भाग उघडलात तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत कचराच दिसेल. तो खराब झालेला नाही. नुसता फॉन्ट नाही.

पडताळायला मोबी८ फोल्डरमधलं एखादं प्रकरण साध्या नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी दिसली तर युनिकोड, रोमन दिसली तर जुना फॉन्ट. फॉन्ट कुठला हे कळायला फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये जा. फाइलचं नाव ‘फॉन्ट’ आणि पुढे आकडा असं निरुपयोगी असेल, पण तिच्यावर डबल क्लिक केलं की विंडोज फॉन्टचं खरं नाव दाखवतं. ते नाव लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. फॉन्टाफॉन्टाचा नकाशा वेगळा. शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. एकाच पुस्तकात दोन फॉन्टही असतात, मथळ्यांना एक आणि मजकुराला एक. तेव्हा कुठल्या स्टाइलला कुठला फॉन्ट लागलाय हे सीएसएसमध्ये बघून दोन्हींना वेगवेगळं कन्व्हर्ट करावं लागतं. स्टाइलची नावं जपा म्हणालो ते यासाठीही.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडला आणताना नुसतं अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही, कारण जुनी साठवण डोळ्यांना दिसते त्या क्रमाने असते. पहिली वेलांटी तिथे व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा: ‘वर्ग’ मध्ये जुन्या पद्धतीने व, ग आणि मग रफार, युनिकोडमध्ये व, मग र आणि हलन्त, मग ग. बरा कन्व्हर्टर हे हलवतो. साधं उदाहरण तो नीट करतो. ‘वार्षिक’, ‘कीर्तीच्या’ अशी, रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आलेली ठिकाणं तो कधी चुकवतो. म्हणून कन्व्हर्ट केल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांच्यासाठी एक वेगळी नजर फिरवायची, शुद्धलेखनाच्या वाचनात ती मिसळायची नाही.

मराठीत आणखी एक जागा आहे, जिथे हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर हमखास आपटतात: अर्धा र, म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) र आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. काही प्रोग्राम ‘साफसफाई’ म्हणून न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. मग ‘आचाऱ्यांना’ बोलावलं होतं तिथे ‘आचार्यांना’ बोलावलं जातं आणि शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही तक्रार करत नाही, कारण दोन्ही शब्द खरे. तुमच्या वडिलांच्या लेखांत एखादं लग्नघर असेल तर तिथे विशेष लक्ष द्या. मी सगळीकडे नुक्तावाला र ठेवतो, म्हणजे शोध घेताना एकच रूप सापडतं आणि ते चिन्ह कुठल्या साफसफाईत जात नाही.

कन्व्हर्ट कुठे करायचं? प्रत्येक प्रकरणाच्या एक्सएचटीएमएल फाइलमध्ये, टॅग जागेवर ठेवून, फक्त टॅगांच्या मधला मजकूर. अख्खी फाइल कन्व्हर्टरच्या चौकटीत चिकटवली तर टॅगही रोमन अक्षरंच असल्यामुळे तेसुद्धा देवनागरी होऊन बसतात. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिता आली तर हे लवकर होतं. नसेल जमत तर सिजिलमध्ये परिच्छेदाला परिच्छेद. कंटाळवाणं आहे, पण दोनशे पानांचं पुस्तक असं होऊ शकतं. आणि फाइलच युनिकोड निघाली, म्हणजे माझा अंदाज चुकला, तर हे वरचे परिच्छेद सोडून द्या.

युनिकोड मजकूर हाती आला की ईपब जोडणं हे तुलनेने सरळ काम. किंडलअनपॅकने बनवलेलं ईपब सिजिलमध्ये उघडा, जुना फॉन्ट काढा, त्याची सीएसएसमधली ओळही काढा. जुने फॉन्ट बहुधा परवान्याचे असतात, वाटायच्या फाइलमध्ये ते ठेवण्यात अर्थ नाही. फॉन्ट हवाच असेल तर मुक्त परवान्याचा युनिकोड फॉन्ट घ्या. नोटो देवनागरी किंवा मुक्ता. मग मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या माहितीच्या नोंदीत, भाषा बघा. तिथे हमखास ‘इंग्रजी’ असते, कारण तेव्हा कोणी ती बदलली नाही. ती मराठी करा, म्हणजे ‘एमआर’, आणि प्रत्येक एक्सएचटीएमएलच्या मुळातही तीच भाषा घाला. नोटोसारख्या फॉन्टांत ल आणि श यांचे मराठी आकार वेगळे दिलेले असतात आणि वाचणारं ॲप भाषा बघूनच ते वापरतं. नाही तर वडिलांच्या मराठीत हिंदी वळणाचे ल दिसत राहतात.

ईपब ही झिपच असते, म्हणून लोक ती उघडतात, बदल करतात आणि विंडोजमध्ये उजवं क्लिक करून पुन्हा झिप करतात. मग ईपब तपासणारा ईपबचेक हा प्रोग्राम तक्रार करतो. कारण झिपमधली पहिली फाइल ‘माइमटाइप’ असायला हवी आणि तीही न दाबलेली. सिजिल हे आपोआप पाळतं. बदल त्याच्यातच करा. शेवटी ईपबचेक चालवा आणि सगळ्या चुका शून्यावर आणा, इशारे राहिले तरी चालतील.

किंडलचं उत्तर छोटं आहे. नवी मोबी बनवू नका. ॲमेझॉनने किंडलजेन २०२० साली काढून घेतला, आणि २०२२ पासून ‘सेंड टू किंडल’ ईपब स्वीकारतं. तुमचं दुरुस्त ईपब तसंच पाठवा. यूएसबीने टाकायचं असेल तर मात्र त्या ईपबवरून कॅलिबरमध्ये एझेडडब्ल्यू३ करा. हीच ती शेवटची जागा, जिथे कन्व्हर्ट करणं योग्य आहे.

छपाईसाठी त्याच ईपबवरून वर्ड फाइल काढा, पॅनडॉक या रूपांतराच्या प्रोग्रामने किंवा कॅलिबरने. मथळ्यांच्या पातळ्या शाबूत राहतात. डीटीपी करणारे इनडिझाइन हा पानं मांडायचा प्रोग्राम वापरत असतील तर त्यांना आधीच विचारा, वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लावून युनिकोडमध्ये काम करता का? ‘आम्ही श्रीलिपीतच करतो’ असं उत्तर आलं तर ते तुमचा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये नेतील आणि तुम्ही फिरून आज आहात तिथेच याल. आणि ई-बुकमध्ये छापील पानांचे आकडे नसतात, त्यामुळे पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असेल तर ती नव्याने करावी लागेल.

हक्कांचं एक वाक्य, कारण तुम्ही तेही विचारलंय. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि तो वारसांकडे येतो, तेव्हा भावंडांची लेखी संमती घेऊन ठेवा. तुमच्या फाइलला कुलूप (नक्कल रोखणारी सोय) नसणार. असलं तर किंडलअनपॅक तसं सांगून थांबेल, आणि दुकानातून घेतलेल्या पुस्तकाचं कुलूप तोडण्यात मी मदत करत नाही. हक्कभंगाच्या हेतूने तसं केलं तर कॉपीराइट कायद्याच्या ६५ए या कलमात शिक्षा आहे.

आता तुम्ही किंडलअनपॅक चालवून मला तीन गोष्टी सांगा: किंडलजेनएसआरसीची झिप निघाली का, मोबी८ मधल्या पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या चार ओळी नोटपॅडमध्ये कशा दिसतात, आणि फॉन्ट्सच्या फोल्डरमधल्या फॉन्टांची खरी नावं काय आहेत. नावं कळली की कुठला कन्व्हर्टर लागेल आणि तो कुठे चुकतो हे नेमकं सांगता येईल.